कुठे ते विचारायचं नाही

अन्याय झाला तो एका जोडप्यावर. २००७ सालच्या मे महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. जोडपं स्कॉटलंडमधल्या एका तळ्यावर राहत होतं, त्यांची दोन अंडी होती, आणि ती त्या वेळी गेली.

हे पत्रक असतं तर पुढच्याच ओळीत मी गुन्हेगाराचं नाव टाकलं असतं. मला तसंच शिकवलंय. पण गुन्हेगाराला थोडा वेळ बाहेर बाकावर बसू दे, कारण मला आधी काकूंबद्दल सांगायचंय, आणि काकूंबद्दल सांगायचं तर सुरुवात ब्रेडच्या डब्यापासून करावी लागते.

काकूंच्या ग्लासगोतल्या घरी ब्रेडच्या डब्यात दुर्बीण असायची. ब्रेड बिचारा फ्रीजच्या डोक्यावर. मी विचारलं तर म्हणाल्या, "सकाळी घाईत हात आपोआप कुठे जातो? ब्रेडकडे. मग तिथे ब्रेड ठेवून काय फायदा?" मी फ्रीजवरून ब्रेड काढून घेतला.

त्या माझ्या घरमालकीण. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी सगळी नोकरी रक्त तपासण्यात काढली होती. मी पुण्याहून शिकायला आले, शिकून झालं, आणि घरी परतायच्या ऐवजी एका मोहीमवाल्या ऑफिसात पत्रकं लिहायला लागले. ऑफिस म्हणजे तीन माणसं, एक फोटोकॉपी मशीन आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींबद्दल संताप. वरची खोली देताना काकूंनी मला एकच प्रश्न विचारला. "तुला सारख्या शिंका येतात का गं?"

"नाही. का?"

"गाडीत चालत नाही."

मला वाटलं, बाई जरा सरकलेली आहे. बाई सरकलेलीच होती, पण प्रश्नाला कारण होतं, ते मला एप्रिल उजाडल्यावर कळलं.

एप्रिल ते ऑगस्ट, दर शनिवारी, काकू त्यांची छोटी लाल गाडी काढून उत्तरेला निघायच्या. अंगावर साडी, ती गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, खाली हिरवे गमबूट, वरून काकांचं पावसाळी जॅकेट. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, जॅकेटच्या बाह्या तीनदा दुमडूनही काकूंची बोटंच तेवढी दिसायची. पेट्रोल पंपावर लोक वळून बघायचे. काकू त्यांना हात करायच्या. "इथल्या लोकांना साडीचा रंग फार आवडतो," मला सांगायच्या, अगदी मनापासून.

तळ्याकाठी पोचलं की गाडी पाण्याकडे तोंड करून लावायची, इंजिन बंद करायचं, आणि मग ते ठरलेलं वाक्य: "आवाज खाली, डबा बाहेर." डब्यात थालीपीठं, थर्मासमध्ये चहा. "एक वी थालीपीठ घे," काकू कुजबुजायच्या. ग्लासगोत छोट्या गोष्टीला 'वी' म्हणतात, आणि काकूंच्या मराठीत तो शब्द घरजावई होऊन राहिला होता. त्यांचं वी थालीपीठ ताटाएवढं असायचं. पुढचे तीन तास गाडीचं दार उघडायचं नाही. पक्षी गाडीला घाबरत नाहीत, त्यांना तो एक रंगीत दगड वाटतो. पण दगडातून दोन पायांचं काही बाहेर आलं की खेळ खलास. म्हणून रेडिओ नाही, शिंक नाही, आणि बाथरूमचं तर नावच काढायचं नाही. पहिल्या खेपेला मी तीन कप चहा प्यायले. आयुष्यात काही चुका माणूस एकदाच करतो.

एवढा खटाटोप एका पक्ष्यासाठी. इंग्रजीत त्याला ब्लॅक-थ्रोटेड डायव्हर म्हणतात. त्याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदांना लून. राखाडी मखमली डोकं, काळा गळा, पाठीवर बुद्धिबळाच्या पटासारखे पांढरे चौकोन. काकूंनी त्याला मराठीत 'बुड्या' करून टाकलं होतं. मी एकदा 'पाणडुबी' म्हणून बघितलं, तर त्यांचा लॅबमधला आवाज बाहेर आला. "पाणडुबी वेगळी. चुकीचं लेबल लावलं की माणूस दगावतो."

बुड्याचे पाय इतके मागे असतात की जमिनीवर त्याला धड चालता येत नाही, पोटावर सरपटावं लागतं. म्हणून त्याचं घरटं अगदी पाण्याच्या कडेला, एका सरपटीवर. आणि तो ओरडतो असा, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी काकूंचा हात धरला. वाटलं, पलीकडच्या काठावर कुणाचं तरी मूल हरवलंय.

"हाक मारतोय," काकू म्हणाल्या.

"कुणाला?"

"बायकोला. चहा झाला का म्हणून."

नर-मादी दिसायला अगदी सारखे असतात, पण काकूंना कोण कोण ते ओळखता यायचं. "वैतागलेली ती अक्का. पाण्यात उगाच गोल गोल फिरतो तो अण्णा."

हे अण्णा आणि अक्का म्हणजे रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांचे जिवलग. चर्चमागच्या हॉलमध्ये शाळा भरायची, हीटर नावालाच, मुलं कोट घालूनच बसायची. बाराखडी दुसऱ्या बाई शिकवायच्या, त्या वेळी निम्मी मुलं टेबलाखाली असायची. काकू गोष्ट सांगायला उठल्या की टेबलाखालून सगळी बाहेर. काकू हातात फॉर्म घेऊन उभ्या राहायच्या. लॅबचे जुने फॉर्म. नवीन आले तेव्हा जुन्यांचे गठ्ठे फेकायला काढले होते, ते काकूंनी गाडीत घालून घरी आणले. त्यांच्या सगळ्या गोष्टी त्या फॉर्मांवर लिहिलेल्या, आणि चौकटी रिकाम्या सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पेशंटचं नाव: अक्का. वॉर्ड: पाणी. तक्रार: अंड्यांवर बसून पाठ धरली. एकच चौकट कायम रिकामी, पत्त्याची.

सुरुवात दर वेळी तीच.

"एक तळं आहे," काकू म्हणायच्या.

"कुठे?" मुलं ओरडायची.

"कुठे ते विचारायचं नाही."

"नाही विचारणार!" हे इतक्या जोरात, की चर्चमधले लोक एकदा बघायला आले होते.

मग गोष्ट. अण्णाला वाटतं, बदकं कशी मस्त चालत जातात, आपणही जावं. तो पोटावर सरपटत तीन वीत जातो, धापा टाकत म्हणतो, "काय हवा आहे गं इथली!" अक्का अंड्यांवरून म्हणते, "आलात फिरून? आता बसा इथे, मला मासा खाऊन येऊ दे." मुलं लोळायची. आठ वर्षांची ईशा, जन्म ग्लासगोचा, तिला नेहमी पुढचं हवं असायचं. "मग अण्णा बसली? अंडी तोडला का त्याने?" काकू गोष्टीच्या मध्ये कुणाचं मराठी सुधारत नसत.

मला त्या गोष्टी आवडायच्या आणि त्यांचा रागही यायचा. एकदा गाडीत मी म्हटलं, "काकू, तुमच्या गोष्टीत व्हिलन का नसतो?"

"असतो की. पाणी. एक दिवस जोरात पाऊस पडतो, तळं वर येतं, घरटं बुडतं."

"पाणी कसलं व्हिलन? पाण्याविरुद्ध मोर्चा काढता येतो का?"

"म्हणून तर बरं आहे," काकू म्हणाल्या, आणि तेव्हापासून मला 'मोर्चा' म्हणायला लागल्या. "मोर्चा, चहा पिणारेस?" "मोर्चा, कचऱ्याची बिनं बाहेर काढ, उद्या कौन्सिलची गाडी आहे."

"आणि पत्ता का नाही सांगत? लोकांना कळायला नको, कुठे काय आहे?"

"आटपाट नगराचा पोस्टकोड कुणी विचारला का आजवर? काही अडलं का?"

मला हे पटत नव्हतं. मला हा चक्क पळपुटेपणा वाटायचा. आमच्या ऑफिसची मोराग, म्हणजे माझी गुरू, टेबलावर मूठ आपटून सांगायची: अन्याय कुणावर, कधी, कुठे, आणि वाचणाऱ्याने काय करायचं. चारांतलं एक जरी गाळलं तर कागद कचऱ्यात. आणि त्या वर्षीच्या वसंतात आमच्याकडे अन्याय अगदी चालत आला. सुट्ट्यांचे बंगले बांधणाऱ्या एका कंपनीने काकूंच्याच तळ्यावर स्पीडबोटींसाठी धक्का बांधायची परवानगी मागितली. स्पीडबोट गेली की लाट उठते, लाट काठाला येते, आणि काठाला कोण बसलेलं असतं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

मी पेटले. दोन दिवसांत पत्रक लिहिलं. मथळा, निषेध, मागणी, सगळं ठणठणीत. मोरागने वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "'स्कॉटलंडमधल्या एका तळ्यावर'? हे काय? परीकथा आहे का?"

मी गाडीत बसताना काकूंना कधीच विचारलं नव्हतं, कुठे चाललोय. नियम पाळला होता. पण रस्त्यावर पाट्या असतात आणि मला वाचता येतं. मी तळ्याचं नाव लिहिलं. मग नकाशा काढला, हाताने, फार सुंदर. रस्ता, वळण, गाड्या लावायची जागा, खाडीसारखा आत आलेला काठ, काठापासून हाकेच्या अंतरावरचं, अक्काचं घरटं होतं ते चिमुकलं बेट, आणि बेटावर लाल फुली. फुलीकडे बाण. बाणावर: 'ते इथे राहतात!'

तर बाकावरच्या गुन्हेगाराला आता आत बोलवायला हरकत नाही. ती मीच.

पत्रकाची दोन खोकी मंगळवारी वाटून झाली. लायब्ररी, कॉफीची दुकानं, डोंगरात फिरणाऱ्यांचे क्लब. गुरुवारी संध्याकाळी एक प्रत मी कौतुकाने फ्रीजवर चुंबकाने लावली. काकूंनी ती काढली, चष्मा लावला आणि रिपोर्ट वाचतात तशी वाचली, वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत. बोट फुलीवर थांबलं.

"अक्षर छान आहे तुझं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी भाजीखालचा गॅस बंद केला. भाजी अजून कच्ची होती. "किती वाटलीस?"

"सगळी."

काकू खिडकीपाशी जाऊन आभाळाकडे बघत राहिल्या. "शनिवारी ऊन आहे म्हणतात," एवढंच बोलल्या.

स्कॉटलंडमध्ये मे महिन्यातल्या शनिवारी ऊन पडलं की घरात कुणी राहत नाही.

आम्ही सव्वादहाला पोचलो. आमच्या नेहमीच्या जागी गाड्याच गाड्या. काठावर माणसं. आणि मी शपथेवर सांगते, त्यांत एकही वाईट माणूस नव्हता. स्वेटर घातलेली म्हातारी जोडपी, मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, डिजिटल कॅमेरे, सँडविचचे डबे. एका गृहस्थाने माझं पत्रक पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून आणलं होतं. सगळे फुलीकडे बघत होते. सगळ्यांच्या चेहऱ्यावर प्रेम होतं. ते प्रेम पाण्यापर्यंत पुढे सरकलं, दोन मुलं गमबूट घालून पाण्यात उतरली, आणि अक्का घरट्यावरून आवाज न करता पाण्यात घसरली.

"दिसली! दिसली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकूंनी घड्याळ बघितलं. "दहा पंचेचाळीस," त्या म्हणाल्या. लॅबची सवय. "थोडा वेळ चालतं. अंडी लगेच गार होत नाहीत."

अक्का लांब पाण्यात गोल गोल फिरत होती. उगाच गोल फिरणारा अण्णा, हे आमचं ठरलेलं होतं. त्या दिवशी दोघंही फिरत होते. लोक हलेनात. अकराला पाच मिनिटं असताना काकूंनी एक गोष्ट केली जी मी त्यांना कधी करताना पाहिली नव्हती. त्यांनी गाडीचं दार उघडलं.

मला वाटलं, आता ओरडणार. मी तरी ओरडले असते. काकू साडी सावरत, काकांच्या जॅकेटमध्ये, तुरुतुरु त्या मुलांपाशी गेल्या आणि अस्सल ग्लासगोच्या इंग्रजीत म्हणाल्या की एक तळं आहे. एका मुलाने विचारलं असावं, कुठे. कारण काकूंनी बोट ओठांवर ठेवलेलं मला काचेतून दिसलं. मग त्या अण्णासारख्या चालायला लागल्या. हात मागे, मान पुढे, धापा टाकत, आणि उलट्या पावलांनी, पाण्यापासून लांब. मुलं हसत त्यांच्यामागे. मुलांमागे आया. आयांमागे बाप आणि कॅमेरे. एक सत्तरीची बाई अख्खा काठ आपल्यामागे ओढून गाड्यांच्या दिशेने नेत होती. मला इतकं बरं वाटलं की मी थालीपीठाला हात घातला.

मग दुर्बिणीत राखाडी कावळा दिसला.

मी पत्रकं लिहिणारी. आवाज उठवा, आवाज उठवा, हे मी किती वेळा छापलंय याचा हिशेब नाही. आवाज काढायचा तर तो एक क्षण होता. माझ्या तोंडातून काही निघालं नाही. कावळ्याने एक नेलं, परत आला, दुसरं नेलं. गाडीतल्या घड्याळात अकरा दहा.

काकू परत आल्या तेव्हा त्यांच्या मागे काठ पूर्ण मोकळा होता. दार लावून घेतलं. श्वास लागला होता.

"गेली?"

"दोन्ही."

"किती वाजता?"

मी सांगितलं. त्यांनी पर्समधून फॉर्म काढला, वेळेच्या चौकटीत लिहिलं आणि घडी करून ठेवला. मग डबा माझ्या मांडीवर सरकवला. "खा. रिकाम्या पोटी रडलं की डोकं दुखतं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी जाणार नव्हते. काकूंनी जिन्यातून हाक मारली, "मोर्चा, खुर्च्या कोण लावणार?" म्हणून गेले आणि मागे उभी राहिले. एक तळं आहे, कुठे, विचारायचं नाही, नाही विचारणार. सगळं नेहमीसारखं. मग ईशाने विचारलं, "अंडी फुटली? बेबी आला?"

काकूंना खोटं सांगता आलं असतं. पिल्लू आलं म्हटलं असतं तर मुलं टाळ्या वाजवून शाळेनंतरच्या वडापावकडे गेली असती. पण रिपोर्टमध्ये नसलेलं लिहायचं नाही, ही त्यांची जन्माची शिस्त. "अंडी गेली," त्या म्हणाल्या. "कावळ्याने नेली."

"कावळा बॅड आहे!"

"त्याला भूक होती. त्याच्याही घरी पिल्लं होती."

"पण अक्का का उठली?"

"तिच्याकडे खूप पाहुणे आले."

"कुणी बोलावलं?"

काकू फॉर्मकडे बघत राहिल्या. फॉर्मवर उत्तर लिहिलेलं नव्हतं, हे मला लांबूनही कळत होतं. त्यांनी ती चौकट माझ्यासाठी सोडली होती.

"मी," मी मागून म्हणाले. "मी पत्ता दिला."

पंधरा माना वळल्या. ईशा तर खुर्चीवर उभी राहिली. "पण विचारायचं नाही असतं ना!"

"मी विचारलं नव्हतं. मी सांगितलं."

तिने विचार केला. "ते तर अजूनच बॅड आहे, ताई."

"बरोबर," काकू म्हणाल्या. "आता बस खाली, मोर्चा. गोष्ट संपलेली नाही."

त्या उन्हाळ्यात कंपनीने अर्ज मागे घेतला. का, ते कुणाला कळलं नाही. दुसरीकडे बरी जागा मिळाली म्हणे. मोरागने ऑफिसात केक आणला. "जिंकलो!" मी केक खाल्ला. चांगला होता. पण मी त्या पत्रकाची उरलेली एक प्रत अजून जपून ठेवली आहे. फार उत्तम पत्रक आहे ते. चारही प्रश्नांची उत्तरं आहेत त्यात.

काकू माझ्यावर चिडल्या नाहीत, याचा मला अजून राग येतो. त्यांनी फक्त एक बदल केला. पुढच्या वसंतात एका शनिवारी म्हणाल्या, "चल." मी आनंदाने गाडीत बसले. शहराबाहेरचा पेट्रोल पंप आला, काकूंनी गाडी थांबवली आणि मागच्या सीटवरून काकांची लोकरीची टोपी काढून माझ्या हातात दिली.

"थंडी नाहीये, काकू."

"डोळ्यांवर."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. पुढचे तीन तास मी नाकापर्यंत टोपी ओढून बसले होते. एका ठिकाणी गाडी थांबली आणि शेजारच्या गाडीतल्या कुणीतरी काच खाली करून विचारलं, सगळं ठीक आहे ना? काकू म्हणाल्या, "पाटी वाचायची वाईट सवय आहे तिला." मी टोपीच्या आत हसत होते आणि लोकर तोंडात जात होती.

"आवाज खाली, डबा बाहेर," शेवटी ऐकू आलं. "काढ आता."

कुठलंतरी तळं होतं. त्यातलं पाणी काळं, पलीकडे डोंगर. असली शेकडो असतील. पाण्यावरून अक्का चालली होती, वैतागलेली, म्हणजे अक्काच. तिच्या पाठीवर, त्या पांढऱ्या चौकोनांच्या मध्ये, मुठीएवढा तपकिरी कापूस बसला होता. त्याने इकडेतिकडे बघितलं, जांभई दिल्यासारखी चोच उघडली, आणि आईच्या पंखाखाली घुसला.

काकूंनी नवीन फॉर्म काढला. पेशंटचं नाव: बबी. वॉर्ड: आईची पाठ. तक्रार: काही नाही. पत्त्याच्या चौकटीवर पेन क्षणभर थांबलं, आणि पुढे गेलं.

आता काकू ब्रिस्टलला मुलाकडे असतात. गाडी चालवायची परवानगी डोळ्यांनी काढून घेतली. तिथल्या बागेतल्या तळ्यात बदकं आहेत, पण ती "ब्रेडसाठी लाचार" आहेत, असं त्या फोनवर सांगतात. फॉर्मांचे गठ्ठे माझ्याकडे आहेत. रविवारी गोष्ट मी सांगते. अण्णाची चाल मला काकूंसारखी जमत नाही, असं ईशाचं मत आहे, आणि ती ते सगळ्यांसमोर देते.

पत्रकाच्या शेवटी मागणी असते. ही घ्या.

तुम्हाला एखादं घरटं ठाऊक असेल. सोसायटीच्या टाकीमागचं घुबडाचं, गावाबाहेरच्या माळावरचं, कुठलंही. त्याचा फोटो काढला असेल तर त्याखाली जागेचं नाव लिहू नका. कुणाला कौतुकाने सांगू नका. कौतुकाने तर अजिबात सांगू नका, माझ्या त्या काठावर सगळे कौतुकवालेच होते. आणि मला पत्र पाठवून ते दुसरं तळं कुठलं म्हणून विचारू नका. मला खरंच माहीत नाही, डोळ्यांवर टोपी होती. माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

एक तळं आहे. कुठे ते विचारायचं नाही. आता तुमची पाळी. मनातल्या मनात चालणार नाही. त्या हॉलमधल्या मुलांसारखं, शेजारच्या खोलीतलं माणूस बघायला येईल इतक्या जोरात म्हणा: नाही विचारणार.

म्हणा.